"जरा नीट बोल ना" म्हणजे नक्की कुणासारखं? (इंग्रजी उच्चारांबद्दल)

शंकासूर

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज टाकतोच. आमच्या टीममध्ये तीन-चार देशांतले लोक आहेत, रोज व्हिडिओ कॉल असतो. त्यातला एक न्यूकासलचा, इंग्लंडच्या पार ईशान्य कोपऱ्यातला, आईबाप आजीआजोबा सगळे तिथलेच, इंग्रजी सोडून दुसरी भाषा येतही नाही त्याला. परवा त्याने कॉलवर सांगितलं की सर्व्हर डाउन आहे, फक्त त्याच्या तोंडून ते 'डून' असं आलं. लगेच लंडनचा एक सिनियर म्हणतो, "हेच आता जरा इंग्रजीत सांगशील का?" सगळे खो खो हसले. तोही हसला, पण नंतर अख्ख्या कॉलमध्ये माईक बंद करून बसला आणि जे काय सांगायचं ते चॅटमध्ये टाइप करत राहिला.

मला हे झेपलंच नाही. आपल्याला कुणी म्हटलं की तुमचा उच्चार चुकतोय तर एकवेळ समजू शकतो, आपण ती भाषा शिकून बोलतोय. पण इंग्रजाचंच इंग्रजी चुकीचं कसं काय असेल बुवा? आणि असेल तर मग बरोबर कुणाचं?

त्यात काल मेल आलाय की सगळ्यांनी 'न्यूट्रल ॲक्सेंट'चा क्लास करायचा. सगळ्यांनी म्हणजे कोणी ते तुम्ही ओळखलंच असेल. लंडनवाला यादीत नाहीये. न्यूकासलवाला आहे!

तर मला विचारायचंय की इंग्रजीचे उच्चार ठरवणारं कुणी ऑफिशियल असतं का, न्यूट्रल म्हणजे नक्की कुणाचा ॲक्सेंट, आणि हा क्लास मनावर घ्यावा का नुसतं हो हो करून हजेरी लावावी. जाणकारांनी लिहा प्लीज.

चिंतू_स्पष्टवक्ता

एवढं काय त्यात? डिक्शनरी उघडायची, शब्दापुढे उच्चार दिलेला असतो, तो बरोबर आणि बाकीच्या बोली. प्रत्येक भाषेला प्रमाण रूप असतंच की. हल्ली सगळंच बरोबर म्हणायची फॅशन आलीये, उद्या स्पेलिंगही आपापलं लिहा म्हणतील. 'डून' म्हणणाऱ्याला 'डाउन' म्हणायला सांगितलं तर त्यात अन्याय कसला ते मला कळत नाहीये.

ध्वनिलहरी

शंकासूर, मस्त धागा. चिंतूराव, तुमच्या डिक्शनरीवर येतेच, आधी 'डून'चं बघू.

गंमत अशी आहे की त्या न्यूकासलवाल्याचा उच्चार लंडनवाल्यापेक्षा जुना आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत घराला 'हूस', उंदराला 'मूस' म्हणायचे, बाहेर म्हणजे 'ऊट'. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे लांब स्वर एकेक करत जागेवरून सरकले, भाषाशास्त्रात त्याला ग्रेट व्हावल शिफ्ट म्हणतात. दक्षिणेत 'ऊ'चा 'आउ' झाला, हाउस, माउस, आउट वगैरे. उत्तर इंग्लंडच्या वरच्या भागात आणि स्कॉटलंडमध्ये हा ठराविक स्वर सरकलाच नाही, तिथे 'हूस', 'टून', 'डून' तसंच राहिलं. म्हणजे बिघडलं असेल तर ते लंडनचं, आणि अर्थात तेही बिघडलेलं नाहीये, बदललंय इतकंच.

ऑफिशियल कुणी नाही. फ्रेंचला १६३५ पासून अकादमी आहे, स्पॅनिशला १७१३ पासून, इंग्रजीसाठी अशा कल्पना खूप निघाल्या पण संस्था कधी उभी राहिलीच नाही. बीबीसीने १९२६ मध्ये एक समिती नेमली होती, आधी राजकवी रॉबर्ट ब्रिजेस आणि मग १९३० पासून नाटककार बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष. तिचं काम काय, तर रेडिओवरच्या निवेदकांनी कुठला शब्द कसा म्हणायचा ते ठरवणं. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि समिती थांबली. तीही निवेदकांपुरतीच होती, देशाने कसं बोलावं हे सांगायचा तिला अधिकार नव्हता. लोकांनी मात्र रेडिओवर येतं तेच बरोबर असं मनात पक्कं करून टाकलं.

आणि त्याच बीबीसीवर १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स नावाचा उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा माणूस राष्ट्रीय बातम्या वाचायला आला, शेवटी त्याच्या गावच्या पद्धतीने 'गुड नीट' म्हणायचा, तर त्यावर भरपूर गदारोळ झाला. गुड नाईटचं 'नीट'. महायुद्ध चालू होतं, बॉम्ब पडत होते आणि लोक ह्यावर भांडत होते. धन्य.

आता डिक्शनरी. ब्रिटिश डिक्शनऱ्यांमध्ये जो उच्चार छापतात त्याचा पाया डॅनियल जोन्स ह्या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये घातला. त्याने स्वतः स्पष्ट लिहिलंय की हे दक्षिण इंग्लंडमधल्या, ज्यांच्या घरचे पुरुष मोठ्या बोर्डिंग शाळांमध्ये शिकलेत अशा कुटुंबांचं बोलणं आहे. आणि मी चांगले-वाईट उच्चार ठरवणारा न्यायाधीश नाही हेही त्यानेच लिहून ठेवलंय. म्हणजे त्याने एका गटाचं वर्णन केलं आणि बाकी जगाने त्याचा नियम केला. ह्या गटाचा ॲक्सेंट म्हणजेच आरपी, रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन. पीटर ट्रडगिल ह्या भाषाशास्त्रज्ञाचा १९७० च्या दशकातला अंदाज होता की ब्रिटनमध्ये तो शुद्ध स्वरूपात सुमारे ३ टक्के लोक बोलतात. उरलेले ९७ टक्के मग काय चुकीचं बोलत होते?

भाजीपाव

+१. वाचतोय. र चं काय ते पण सांगा कुणीतरी, मी अमेरिकन सिरीज बघून कार ला 'कार्र' म्हणायला लागलो तर आमचा ब्रिटिश बॉस म्हणाला कोंबडीसारखं काय बोलतोयस.

ध्वनिलहरी

हाहा भाजीपाव. अहो र ची गोष्ट ह्या सगळ्यात भारी आहे, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

पूर्वी सगळेच इंग्रज शब्दाच्या शेवटचा आणि व्यंजनाआधीचा र उच्चारायचे, म्हणून तर तो स्पेलिंगमध्ये आहे. अठराव्या शतकात लंडन आणि आजूबाजूला तो गळायला लागला. जॉन वॉकर नावाच्या उच्चारकोशकाराने १७९१ मध्ये लिहून ठेवलंय की लंडनमध्ये 'बार्ड' वगैरे शब्दांतला र जवळजवळ ऐकूच येत नाही, नुसता आ लांब होतो. पुढे शतकभरात ती लंडनची लकब सभ्य माणसाची खूण झाली आणि र म्हणणारा तो शेतकरी, गावंढळ. आजही इंग्लंडच्या नैऋत्येला लोक र ठसक्यात म्हणतात आणि नाटकासिनेमात अडाणी शेतकरी दाखवायचा असला की तोच ॲक्सेंट काढतात.

आता समुद्र ओलांडा. बोस्टन, न्यूयॉर्क आणि दक्षिणेकडच्या बंदरांच्या शहरांचा इंग्लंडशी जास्त संबंध, तिथेही र गळाला आणि तिथेही ती खानदानी खूण झाली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टची जुनी भाषणं ऐका, माणूस र गाळतोय. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं, अमेरिकेत र म्हणणं प्रतिष्ठेचं झालं आणि न्यूयॉर्कचं र-शिवायचं बोलणं खालच्या वर्गाचं मानलं जायला लागलं.

हे मोजलं विल्यम लबोव्ह ह्या भाषाशास्त्रज्ञाने, १९६२ मध्ये. त्याने न्यूयॉर्कची तीन डिपार्टमेंट स्टोअर्स निवडली, सॅक्स एकदम महागडं, मेसीज मधलं, एस. क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं आणि मग खाली विक्रेत्यांना विचारायचं की अमुक गोष्ट कुठे मिळेल. समोरचा म्हणणार 'फोर्थ फ्लोर'. दोन्ही शब्दांत र! मग हा ऐकू आलं नाही असं दाखवून पुढे वाकायचा, की समोरचा तेच परत जरा सावकाश, सांभाळून म्हणणार. मग कोपऱ्यावर वळून वहीत गुपचूप टिपायचं, र होता का नव्हता. असे २६४ लोक. सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी थोडा तरी र उच्चारला, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २०. शहर एकच, काम एकच, गिऱ्हाईक कसं येतं त्यानुसार र कमीजास्त. आणि मेसीजवाले दुसऱ्यांदा म्हणताना र जास्त लावत होते, म्हणजे कुठला उच्चार 'चांगला' हे त्यांना पक्कं माहीत होतं, रोज तोंडात येत नव्हता एवढंच.

म्हणजे तोच र इंग्लंडमध्ये लावला की तुम्ही अडाणी आणि न्यूयॉर्कमध्ये गाळला की तुम्ही अडाणी. र बिचारा तोच आहे. भाजीपाव, तुमच्या बॉसला विचारा की तो 'लॉ अँड ऑर्डर' कसं म्हणतो. शुद्ध आरपीवाले बरेचदा 'लॉ-रँड ऑर्डर' म्हणतात, जिथे र लिहिलेलाच नाही तिथे घुसवतात, आणि ते फारसं कुणाला खटकत नाही!

चिंतू_स्पष्टवक्ता

मान्य, इतिहास रोचक आहे. पण मग 'आस्क'ला 'आक्स' म्हणणारे अमेरिकेत असतात त्यांचं काय? तिथे सरळसरळ अक्षरं उलटी झालीयेत, स्पेलिंग समोर आहे. ह्याला पण जुनं म्हणणार का आता तुम्ही 😄

ध्वनिलहरी

हो. 😄

जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं होती, आस्कियन आणि आक्सियन. चौदाव्या शतकातला कवी चॉसर 'ॲक्स' लिहितो. १५३५ चं कव्हरडेलचं बायबल, इंग्रजीत छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल, त्यात 'मागा म्हणजे मिळेल' ह्या ओळीत 'ॲक्स' छापलंय. नंतर दक्षिण इंग्लंडच्या लिखाणात 'आस्क' टिकलं आणि दुसरं रूप इंग्लंडच्या काही बोलींत, कॅरिबियनमध्ये आणि आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या बोलण्यात राहिलं. अक्षरं उलटी झाली म्हणून चूक म्हणायचं तर 'बर्ड' पण सोडून द्या, तो मुळात 'ब्रिड' होता. 'थर्ड' पण, 'थ्री'शी नातं बघा, र कुठे होता आणि कुठे गेला. ते उलटे झालेले चालतात कारण सगळ्यांनीच उलटे केले.

रात्रपाळी

मी काही वर्षं कॉल सेंटरमध्ये काढलीत, कंपनीचं नाव सांगत नाही, त्यामुळे न्यूट्रल ॲक्सेंट म्हणजे काय ते मी सांगते शंकासूर. न्यूट्रल म्हणजे ज्या देशातून फोन येतोय त्या देशातल्या टीव्हीवाल्यांचा. मी जॉइन झाले तेव्हा प्रोसेस (म्हणजे ज्या ग्राहकांचे फोन घ्यायचे ते काम) ब्रिटिश होती, मग र गाळायला शिकवलं. काही महिन्यांनी मला अमेरिकन प्रोसेसला टाकलं आणि त्याच ट्रेनरने त्याच खोलीत र लावायला शिकवला, आणि दोन्ही वेळेला फळ्यावर 'न्यूट्रल' असंच लिहिलेलं होतं.

दिवसदिवस काय काय करून घ्यायचे. तोंडासमोर कागदाचा कपटा धरायचा आणि 'पेन' 'पेपर' 'पार्क' म्हणायचं, कागद हलला पाहिजे, नाही हलला तर परत. वीस-बावीस जण रांगेत बसून कागदावर फूफू करतोय असं दृश्य. मग 'थिंक' म्हणताना जीभ दातांच्या मधे दिसली पाहिजे म्हणून प्रत्येकाने आरसा घेऊन बसायचं. एका मुलीची जीभ काही केल्या बाहेर येईना, तिला सगळ्यांसमोर उभं करून पंधरा वेळा म्हणायला लावलं, ती रडकुंडीला आली होती.

आणि एवढं करून खरी गंमत फोनवर. एक बाई दहा मिनिटं व्यवस्थित बोलत होती, बिलाचं सगळं समजलं, धन्यवाद म्हणाली. शेवटी सहज विचारलं तू कुठून बोलतेयस. खोटं सांगायचं नाही असा तेव्हा नियम आला होता म्हणून देश सांगितला. त्या क्षणापासून तिला माझं एक वाक्य कळेना. "मला तुझं काहीच समजत नाहीये, तिथला कुणीतरी दे ज्याला इंग्रजी येतं." माझी जीभ तीच, आधीची दहा मिनिटं जी होती तीच!

ध्वनिलहरी

रात्रपाळी, तुम्ही सांगताय ते प्रयोगात सापडलेलं आहे. डोनाल्ड रुबिन नावाच्या संशोधकाने १९९२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एक छोटं रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकवलं. आवाज एकाच अमेरिकन व्यक्तीचा, ओहायोकडच्या. काही विद्यार्थ्यांना ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई फोटो बघणाऱ्यांना परदेशी ॲक्सेंट 'ऐकू आला', जो टेपवर नव्हताच. आणि नंतर लेक्चरवर चाचणी घेतली तर त्यांना कळलंही कमी होतं. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, खरंच कमी कळलं. डोळ्यांनी ठरवलं आणि कान बंद झाले.

उलट बाजूचंही आहे. जॉन बॉ हे भाषाशास्त्रज्ञ सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास भाड्याच्या घरांसाठी फोन करायचे, तेच वाक्य तीन तऱ्हांनी, एकदा आफ्रिकन अमेरिकन ढंगात, एकदा मेक्सिकन अमेरिकन ढंगात, एकदा प्रमाण अमेरिकन. माणूस एकच, तिन्ही ढंग त्याला लहानपणापासून येत होते. गोऱ्या वस्तीतल्या घरमालकांनी पहिल्या दोन ढंगांना घर बघायला बोलवायचं प्रमाण बरंच कमी. १९९९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हे छापलं, त्यात असंही निघालं की नुसत्या 'हॅलो'वरून लोक ढंग ओळखतात. एका हॅलोवर घर जातं.

कलम_तीनशेदोन

कायद्याच्या बाजूने थोडं. अमेरिकेत नियम असा आहे की ॲक्सेंटवरून नोकरी नाकारता येत नाही, पण त्या ॲक्सेंटमुळे कामात खरोखर अडथळा येत असेल तर येते. ऐकायला बरं वाटतं, पण अडथळा येतोय हे ठरवणार कोण? मॅन्युएल फ्रागांते म्हणून फिलिपिन्सहून आलेला माणूस, होनोलुलूमध्ये गाड्यांच्या लायसन्स ऑफिसात क्लार्कच्या जागेसाठी लेखी परीक्षेला बसला, सातशेहून जास्त लोकांत पहिला आला. इंटरव्ह्यूत दोघांनी सांगितलं ॲक्सेंट जड आहे, काउंटरवर लोकांशी बोलायचं असतं, जमणार नाही. कोर्टात गेला आणि १९८९ मध्ये अपिलातही हरला.

दुसरी केस अमेरिकेतल्याच ॲन आर्बर शहराची, १९७९. कृष्णवर्णीय मुलांचे पालक शाळा जिल्ह्याविरुद्ध कोर्टात गेले की पोरं घरी वेगळं इंग्रजी बोलतात म्हणून त्यांना मठ्ठ समजून मागे टाकतात. तिथे न्यायाधीश पालकांच्या बाजूने बोलले, शिक्षकांनी आधी मुलांची घरची बोली समजून घ्या आणि मग प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवा. मला ह्यात पटलं ते हे की कोर्टाने प्रमाण शिकवू नका असं म्हटलं नाही.

भाजीपाव

मशीन तरी निष्पक्ष असेल असं वाटलं होतं पण तेही नाही. २०२० मध्ये एक अभ्यास आला होता, पाच मोठ्या कंपन्यांची बोललेलं टाइप करून देणारी सॉफ्टवेअर तपासली, गोऱ्या अमेरिकनांचे शंभरातले सरासरी १९ शब्द चुकत होते आणि कृष्णवर्णीयांचे ३५. ज्यांचे आवाज ऐकवून शिकवलं त्यांचंच त्याला कळणार ना. माझा फोन मला अजूनही 'कॉल मॉम' म्हटलं की कॅलेंडर उघडून देतो ते वेगळं.

चिंतू_स्पष्टवक्ता

ठीक आहे, घर नाकारणं, नोकरी नाकारणं चूकच, त्यावर वाद नाही माझा. पण एक प्रॅक्टिकल मुद्दा कुणीच बोलत नाहीये. समोरच्याला कळलं तर पाहिजे ना! मी एकदा एका ग्लासगोच्या माणसाबरोबर अर्धा तास मीटिंग केली आणि मला फक्त 'ओके' कळलं. प्रत्येकाने आपापला ॲक्सेंट धरून बसायचं ठरवलं तर काम कसं व्हायचं? प्रमाण उच्चार हवा तो ह्यासाठी, कुणाला हिणवायला नाही.

आरामखुर्ची

चिंतू ह्यांचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाहीये. मी परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतो म्हणून लिहितो. 'बरोबर' आणि 'समजेल असं' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. आरपी बोललात म्हणजे सगळ्यांना समजेल असं अजिबात नाही, उलट ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना आरपीचे गिळलेले स्वर आणि गाळलेले र जास्त जड जातात. आपल्याकडे एकजण 'पानी' म्हणतो आणि दुसरा 'पाणी', तहान दोघांची कळतेच ना, तरी पहिल्याला हसतातच. ते हसणं समजण्यासाठी नसतं.

भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० मध्ये ह्यावर छान काम मांडलं. दोन वेगळ्या देशांचे, वेगळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलताना प्रत्यक्षात कुठे अडखळतात ते त्यांनी बघितलं. निघालं काय, तर 'थिंक'चा तो थ, ज्याच्यासाठी रात्रपाळींना आरसे दिले, त्याने समजण्यात फारसं काही अडत नाही. आयर्लंडमध्ये कितीतरी लोक आपल्या त-द च्या जवळपास म्हणतात, लंडनमधले कितीतरी 'फिंक' म्हणतात, सगळ्यांचं चाललंय. अडतं कशाने, तर स्वर लांब की आखूड ह्याने, 'शिप' आणि 'शीप', 'लिव्ह' आणि 'लीव्ह'. शब्दाच्या सुरुवातीच्या जोडव्यंजनातलं एखादं गाळलं की अडतं. व आणि व्ह एकच केलं की अडतं, 'वेस्ट' म्हणजे पश्चिम का बनियन. आणि वाक्यातल्या कुठल्या शब्दावर जोर दिला त्याने. 'मी मंगळवारी म्हटलं होतं' आणि 'मी मंगळवारी म्हटलं होतं', लिहिताना सारखंच दिसतंय पण एकदा 'मी' वर जोर द्या आणि एकदा 'मंगळवारी' वर, भांडण वेगवेगळ्या माणसाशी होतं. आपण इंग्रजी बोलताना सगळे शब्द एकाच पट्टीत म्हणतो, समोरच्याला कळत नाही नवीन माहिती कुठली.

आणि रात्रपाळी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या त्या सगळ्या कवायतीत उपयोगाचा भाग तो कागदाचा होता. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मध्ये हवा सोडली नाही तर इंग्रजी कानाला 'पेन'चं 'बेन' ऐकू येऊ शकतं. ते जेनकिन्स यांच्या यादीत आहे. थ नाही, आणि र तर गाळायचा नाही, उच्चारायचा असं आहे.

रात्रपाळी

अरेच्चा. म्हणजे फूफू कामाची होती आणि रडवलं ते थ साठी. छान.

ध्वनिलहरी

आरामखुर्ची, सहमत. फक्त एक भर, समजण्याची जबाबदारी नेहमी बोलणाऱ्यावरच का टाकतात? ऐकणाऱ्यालाही सवय करता येते. अनोळखी ॲक्सेंट थोडा वेळ लक्ष देऊन ऐकला की कान जुळवून घेतो, ह्यावर बरेच प्रयोग झालेत आणि काही वेळा तर मिनिटभरातच फरक पडायला लागतो. चिंतूराव, ग्लासगोवाल्याबरोबर दुसरी मीटिंग झाली का? तेव्हा किती कळलं?

अवांतर: राणी एलिझाबेथची नाताळची भाषणं जोनाथन हॅरिंग्टन आणि मंडळींनी तपासली, १९५० च्या दशकातली आणि १९८० च्या दशकातली, आणि २००० मध्ये नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात छापलं. तिचे स्वर ह्या तीस वर्षांत सर्वसामान्य दक्षिण इंग्लंडवाल्यांच्या दिशेने सरकले होते. क्वीन्स इंग्लिश खुद्द क्वीननेही धरून ठेवलं नाही. आणि ब्रिटनची तेव्हाची पंतप्रधान मार्गारेट थॅचर, एवढी आवाजाची ट्रेनिंग घेतलेली बाई, १९८३ मध्ये पार्लमेंटात तावातावाने बोलताना विरोधकांना 'फ्रिट' म्हणून गेली, लिंकनशरकडचा गावाकडचा शब्द, घाबरला असा अर्थ. राग आला की गाव बाहेर येतं.

चिंतू_स्पष्टवक्ता

झाल्या बऱ्याच मीटिंगा. आता कळतं साधारण. पण त्याने पण वेग कमी केलाय हां, एकट्या माझ्या कानाला श्रेय देऊ नका. आणि मुलांना मी डिक्शनरीच दाखवणार, परीक्षेत ते तपासतात त्याला इलाज नाही.

आरामखुर्ची

दाखवा की, फक्त आता बहुतेक ऑनलाइन डिक्शनऱ्यांमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन बटणं असतात, दोन्ही दाबून दाखवा. 'हर्ब' शब्द दाबा. ब्रिटिश बटण 'हर्ब' म्हणेल, अमेरिकन 'अर्ब'. इंग्लंडमध्ये ह खाणारा अशिक्षित समजतात आणि इथे अमेरिकेतले प्रोफेसर लोक ह खातायत. मूळ फ्रेंचमधून आला तेव्हा ह नव्हताच, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात स्पेलिंग बघून तो लावायला सुरुवात केली. मुलांना मजा येईल.

शंकासूर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं.

अपडेट देतो. क्लास घेणाऱ्या बाईंना मेल करून विचारलं की न्यूट्रल म्हणजे कुठला ॲक्सेंट शिकवणार. उत्तर आलं 'ग्लोबल'. मग आरामखुर्चींची यादी त्यांना पाठवली, लांब-आखूड स्वर, जोडव्यंजनं, व-व्ह, वाक्यातला जोर, की हे शिकवणार असाल तर आनंदाने बसतो, र गाळायला आणि थ साठी नाही. त्या म्हणाल्या बघते, मॅनेजरला विचारावं लागेल. मॅनेजरला मी वेगळं विचारलंय की त्याच तासात सगळ्यांनीच, म्हणजे लंडनवाल्यानेही, एकमेकांचे रेकॉर्डिंग ऐकून काय कळलं ते लिहायचं असं ठेवता येईल का. अजून उत्तर नाही.

न्यूकासलवाल्याला 'हूस', 'मूस', 'डून'चं सांगितलं. त्याला माहीत होतं, म्हणाला शाळेत आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं आणि त्याच शाळेत दुसऱ्या मास्तरांनी 'डून' म्हटल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं होतं. क्लासला तो बसणार नाही म्हणतोय, लेखी कळवलंय त्याने. मी यादीचं उत्तर येईपर्यंत थांबतोय.